पळसाच्या पानांचा भाऊ

झोंबी हा शब्द आमच्या घरात आणला तो माझ्या लेकीने. कॉलेजातून आली की ताट मांडीवर घेऊन ती मोबाईलवर असल्या मालिका बघत जेवायची. कुठल्यातरी प्रयोगशाळेतून विषाणू सुटलेला, मेलेली माणसं उठून रस्त्याने चालतायत, मान वाकडी, हात लोंबते, डोळ्यांत काही नाही. मी जळगावच्या एका शाळेत गेली बावीस वर्षं विज्ञान शिकवते, त्यामुळे माझी हरकत ठरलेली. रक्त फिरायचं थांबलं तर स्नायू हलणारच कसे? लेक म्हणायची, "आई, तू जेव गं आधी."

माझं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडेला. आमच्या गावात भुतांना काही तोटा नव्हता. विहिरीवर हडळ होती, पिंपळावर मुंजा होता, आणि नाल्यात एक जण असा होता की तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसती विडी मागायचा. प्रत्येकाला काहीतरी हवं असायचं. कुणाला लुगडं, कुणाला लग्न. देह नाही पण हाव सुटत नाही, ते आमचं भूत. लेकीच्या मोबाईलवर सगळं उलटं, देह चालतोय आणि आत कोणी नाही. असलं काही आपल्याकडे नसतं, असं मी तिला ठासून सांगितलं होतं. ठासून सांगायची मला खोडच आहे. त्या खोडीपायी मी माझ्या पाठच्या भावाला जिवंतपणी जाळलं.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते लवकर गेले. शेती हाच बघायचा. पावसावरची शेती, बाजरी-भुईमूग, पण मन लावून करायचा. तिशीच्या आसपास तो एकटाच बोलायला लागला. कोणीतरी आपल्याला बांधावरून हाका मारतं म्हणायचा. गावाने निदान केलं, बाहेरचं लागलं. मी भगताला दारातूनच परत पाठवलं आणि त्याला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी तो बरा झाला, बरा झाला म्हणून गोळ्या सोडल्या, आणि एका बाजाराच्या दिवशी खांद्याला पिशवी अडकवून साक्रीला गेला तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नाशिक-सुरत पालथं घालून झालं.

आई, म्हणजे माय, वाट बघायला लागली. रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची थापायची आणि टोपलीखाली झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाईला घालायची. घर सोडून कुठेही जायची नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, समोरचं माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली, तरी ऑपरेशनला जळगावला यायला तयार नाही. "तो येई," म्हणायची. "दार उघडं जोयजे." दार उघडं हवं. लग्नकार्य नाही, देवदर्शन नाही. मी दर दुसऱ्या शनिवारी एसटीत बसून जायची, भांडायची आणि रविवारी परत यायची.

अशी आठ वर्षं गेली. मग मी हात दाखवून अवलक्षण केलं.

ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी आमच्याकडे एक विधी असतो. पळसाच्या पानांचा माणूस करतात, दर्भाने बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. पुढे दहावं, तेरावं, सगळं खऱ्यासारखं. मला ते अचानक पटलं. मला, जिने भगताला दारातून हाकललं तिला. वाटलं, मायला एकदा रडून घेऊ दे, म्हणजे ती सुटेल. आणि खरं सांगायचं तर मलाही सुटायचं होतं. त्या शनिवारांचा मला कंटाळा आला होता. गुरुजी म्हणाले, "ताई, शास्त्र बारा वर्षं थांबा म्हणतं." मी म्हणाले, कायदा सात म्हणतो, आठ झाली. बारा वर्षांत ती आंधळी होईल त्याचं काय? गुरुजींनी पंचांग उघडलं.

मायला मात्र मी महिनाभर सांगत होते. तो नाही आता. असता तर आला असता. आजारी माणूस, बिनागोळ्यांचा, आठ वर्षं कसा जगेल? एकदा तर मी थंडी, भूक, रेल्वे, सगळी कारणं तिच्यापुढे वर्गात शिकवतात तशी मांडली. शेवटी ती म्हणाली, "तू शिकेल शेस. तू म्हनस तं खरंच ऱ्हाई."

नदीकाठी पुतळा केला. पळसाला आमच्याकडे काय कमी? चुलतभावाने पानं आणली, त्यानेच अग्नी दिला, मुंडन केलं. मी ट्रंकेतून भावाचा चौकडीचा सदरा आणला होता, तो मायने स्वतःच्या हाताने त्या पानांवर घातला. बटणंसुद्धा लावली. मग ती रडली ती तीन दिवस. त्यानंतर रात्रीची भाकरी बंद झाली, ती जळगावला आली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तिला सुईत दोरा ओवता यायला लागला. अंगावर चार किलो मांस चढलं. मी मनात म्हणाले, बघा, माझंच बरोबर होतं. आखाजीला ती आबांच्या घागरीशेजारी भावाची घागर भरू लागली. आखाजी आमचा मोठा सण, त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, वर खरबूज आणि आंबे ठेवतात. तीन वर्षं तिने तशी घागर भरली.

म्हणजे अकरावं वर्ष लागलं होतं. होळी झाली आणि चुलतभावाचा मला शाळेत फोन आला. "अक्का, जीपमधून काही लोक आले आहेत. त्याला घेऊन आले आहेत." मी विचारलं, कोणाला? तो नाव घेईना.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना सांभाळणारं एक आश्रयघर होतं. त्यांना भाऊ दक्षिणेतल्या कुठल्याशा स्टेशनवर सापडला होता, दोन वर्षं उपचार केल्यावर त्याला गावाचं नाव आठवलं होतं. मी पोहोचले तेव्हा अर्धं गाव दारात. भाऊ ओसरीवर बसलेला. केस पांढरे, अंग सुजल्यासारखं. मला बघून उठला आणि दोन पावलं पुढे आला. चालताना त्याचे हात हलत नव्हते. पाय घासत होते. चेहरा पाटीसारखा कोरा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. हे सगळं गोळ्यांनी होतं, त्यात भुताटकीचं काही नाही, पण ते मला नंतर सुचलं. आधी माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. भुताचे पाय उलटे असतात ना. गावातल्या प्रत्येकाने आधी तेच बघितलं होतं, आणि विज्ञानाच्या बाईंनीही तेच केलं. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

माय आत चुलीशी बसून होती. मी म्हणाले, "माय, चल, तो आलाय." ती नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाली, "हाऊ मना आंडोर नही शे." हा माझा मुलगा नाही. तिने त्याला बघितलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं होतं आणि त्याचा चेहरा हलला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, काही नव्हतं. तिच्या हिशेबी तिचा मुलगा नदीकाठी जळाला होता. आता जे आलं होतं ते नुसतं त्याचं अंग. आश्रयघरातले लोक भले होते. ते म्हणाले, पावसाळ्यापर्यंत बघा, घराने जवळ केलं तर त्याच्यासारखं औषध नाही, नाही जमलं तर आम्ही परत नेऊ. दीड महिना तो त्या घरात होता. माय स्वयंपाक करायची, त्याचं ताट मात्र चुलतभावाची बायको नेऊन द्यायची. मायने त्याला एकदाही वाढलं नाही, नावाने हाक मारली नाही. तो समोरून गेला की पदर ओढून बाजूला व्हायची. ज्या बाईने आठ वर्षं रोज भाकरी झाकून ठेवली ती.

मी दर शनिवारी जायची आणि त्याच तोंडाने सांगायची, "अगं, तो जिवंत आहे. तोच आहे." एकदा ती शांतपणे म्हणाली, "तूच सांगितलं होतं ना, मेला म्हणून? मी ऐकलं. मी त्याचा सदरा जाळला. आता पुन्हा कसं ऐकू?"

चुलतभाऊ माणूस वाईट नाही, पण तोंडाचा हलका. पारावर बसून त्याने एकदा म्हटलं, "आमच्याकडे झोंबी आलाय." त्यानेही मोबाईलवर तेच बघितलं होतं. गाव हसलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले, पण घरी येऊन लेकीला विचारलं, हे झोंबी मुळात आले कुठून गं? तिने शोधून सांगितलं. फार दूरच्या एका बेटावर गुलामांची कहाणी होती. मांत्रिक म्हणे काहीतरी भुकटी देऊन माणसाला मेल्यासारखं करतो, घरचे पुरून टाकतात, मग तो त्याला उकरून काढतो आणि उसाच्या शेतात राबवतो. त्याला सगळं मिळतं, फक्त मीठ द्यायचं नाही. मिठाची चव लागली की आपण मेलो आहोत हे त्याला कळतं आणि तो उठून आपल्या थडग्याकडे चालायला लागतो. मी म्हणाले, काहीतरीच. रात्री झोप मात्र लागली नाही.

आखाजी आली. सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी मीही लेकीला घेऊन गेले. बघते तर मायने बाजारातून दोन घागरी आणून ठेवलेल्या. मी म्हणाले, "अगं, दुसरी कोणासाठी? तो ओसरीवर बसलाय." ती म्हणाली, "नाही भरली तर तो तहानलेला राहील." कोण तो, असं मी विचारणार होते, पण सणाचा दिवस म्हणून आंबे धुवायला घेतले. तिने दोन्ही घागरी भरल्या, वर खरबुजं ठेवली, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. चुलीतल्या निखाऱ्यावर गेलेल्या माणसांसाठी घास टाकायचा असतो, त्याला आगारी म्हणतात. त्यासाठी पुरणपोळी, आमरस, तूप ताटात काढलं. चुलतभाऊ, त्याची बायको, माझी लेक, सगळे भोवती बसलो होतो.

तेवढ्यात भाऊ आत आला. त्या गोळ्यांनी तोंडाला सारखी कोरड पडते, आणि आमच्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय सांगायचं. तो घासत घासत घागरीपाशी गेला, वरचं खरबूज दोन्ही हातांनी उचलून नीट बाजूला ठेवलं, तांब्या बुडवला आणि गटागटा पाणी प्याला. गेलेल्या माणसाच्या घागरीचं पाणी. चुलतभावाच्या बायकोने तोंडावर पदर दाबला. भावाने तोंड पुसलं आणि घागरींकडे बघत उभा राहिला. तो खान्देशातच वाढलेला, घागर कशाची असते हे त्याला सांगायला नको.

"एक आबानी शे," तो म्हणाला. "दुसरी कोनी?"

त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग मायकडे वळून, पाचची गाडी गेली का असं विचारावं त्या सुरात त्याने विचारलं, "माय, मी मरेल शे का?" मी मेलोय का?

मला त्या मिठाची गोष्ट आठवली आणि स्वतःचाच राग आला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, सवयीने. पण माय उठली होती. आगारीसाठी काढलेला घास तिच्या हातात होता, तुपाने ओला. तिने तो निखाऱ्यावर टाकला नाही. त्याच्याजवळ गेली, त्याची हनुवटी धरली आणि घास त्याच्या तोंडात घातला. "नही रे बापा," ती म्हणाली. "जेव." त्याला चावायला वेळ लागत होता. ती त्याचं तोंड पदराने पुसत होती आणि तो खाईपर्यंत दुसरा घास हातात धरून उभी होती. मग तिने त्याला नावाने हाक मारली. मी पाठ फिरवून रडले. चुलतभाऊ बाहेर जाऊन बसला.

त्या दिवसापासून माय वेगळीच झाली. गुरुजींना तिनेच बोलावलं. ज्याचं क्रियाकर्म झालं तो परत आला तर काय करायचं? गुरुजी म्हणाले, त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो. तान्ह्या मुलासारखं गुंडाळून आईच्या मांडीवर घ्यायचं, न्हाऊ घालायचं, बारसं करायचं. मग तो जिवंतांत. पावसाळा सरला की चांगला दिवस काढू. मायने त्याच दिवशी ट्रंकेतली जुनी लुगडी काढली. बाळाला गुंडाळायला गोधडी लागते, आणि हे बाळ बेचाळीस वर्षांचं. ती स्वतःशीच हसायची.

पण भावाचा जबडा आखडायला लागला होता, अधूनमधून ताप यायचा. मी म्हणाले, गोळ्या बदलायला हव्यात, त्याला आश्रयघरातल्या डॉक्टरांकडे नेऊ या. माय नको म्हणाली. इथेच असू दे, मी बघते. मी ठासून सांगितलं, महिन्याभराचं काम आहे, नीट होऊन येईल, मग कर काय बारसं करायचं ते. पुन्हा तिने माझं ऐकलं. जीपमध्ये बसताना त्याला तिने बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं पुडकं दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिकडे जाशील तेव्हा त्याचं माप आण. गोधडी केवढी करू?"

महिन्याचे तीन झाले. गोळ्या बदलल्या, चेहरा थोडा हलायला लागला. मी भेटायला गेले की विचारायचा, माय काय करते? मी म्हणायची, तुझं दुपटं शिवते. हे ऐकून तो खरंच हसायचा. माप घ्यायचं मात्र दर वेळी राहून जायचं. गणपतीनंतर तिथे तापाची साथ आली. त्याच्या छातीत कफ झाला. मी नववीच्या वर्गावर होते तेव्हा फोन आला.

मी तिथूनच चुलतभावाला फोन लावला. त्याने गुरुजींना विचारून परत केला. "अक्का, ते म्हणतात क्रिया एकदाच होते. सुतक धरून झालं, पिंड झाले. आता काय करायचं राहिलंय?" तो खवचटपणे बोलत नव्हता, खरंच विचारत होता. पानांच्या पुतळ्याला आम्ही गाव जेवू घातलं होतं. भावाच्या अंगापाशी मी होते आणि आश्रयघरातले दोन अनोळखी कर्मचारी.

तिरडी बांधणाऱ्याने विचारलं, उंची किती? मला सांगता येईना. मापाची पट्टी कोणाकडे नव्हती. मग माय मोजते तसं मी मोजलं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. त्याच्या टाचेशी माझं कोपर टेकवलं आणि वर सरकत गेले. पावणेचार हात. अग्नी मीच दिला.

मायला सांगितलं नाही. चुलतभावाला शपथ घातली, त्याने आजवर पाळली आहे. दर वेळी ठरवून जाते की आज सांगायचं. तो जिवंत होता तेव्हा महिनाभर बसून मी तिला पटवलं होतं की तो मेला, कारणांसकट. आता खरोखर मेलाय तर तोंड उघडत नाही. आणि उघडलं तरी तिने माझं का ऐकावं?

दिवाळीला गेले तेव्हा ती ओसरीवर उन्हात बसली होती. समोर गोधडी पसरलेली, तिच्या आणि तिच्या सासूच्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. तिने चश्म्यावरून बघितलं.

"माप लई उनी का?"

"आणलं," मी म्हणाले.

"कितलं?"

"पावणेचार हात."

तिने गोधडीच्या काठावर कोपर टेकवलं आणि मोजत पुढे सरकत गेली. एक, दोन, तीन, आणि मग पाऊण. कापड तिथपर्यंत पुरत नव्हतं. "पाय उघडे राहतील त्याचे," म्हणाली, आणि ट्रंकेतून आणखी एक लुगडं आणायला उठली. येईपर्यंत मी सुईत दोरा ओवून ठेवला.